संपेपर्यंत वाजव

निलंग्याच्या बसस्टँडमागच्या घरात, रविवारी दुपारी, मृत्युंजय स्वामी लॅपटॉपसमोर बसले होते आणि आत गॅसवर वरण उकळत होतं. स्वामी सर शाळेत संगणक शिकवायचे. यंत्र खोटं बोलत नसतं, आपणच त्याला नीट विचारत नसतो, हे त्यांचं वाक्य पोरांना इतकं पाठ झालं होतं, की वर्गात सरांनी तोंड उघडायच्या आधीच मागच्या बाकावरून ते ऐकू यायचं. कुठे बिघाड निघाला की एरवी सरांना हुरूप चढायचा. आजचा बिघाड मात्र त्यांच्या लेकीच्या आवाजात होता.

शिवांगी अकरा वर्षांची. गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं, आणि गावाकडच्या शेतात तिला माती द्यावी लागली. लातूरच्या दवाखान्यातल्या धावपळीत फोन हरवला, त्यात तिचे सगळे व्हिडिओ होते. फोटो ढीगभर उरले, आवाज कुठेच उरला नाही. आणि काल कपाट आवरताना एका पेनड्राइव्हवर तिनं केलेला खेळ सापडला. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून प्रोग्रॅम करतात, त्यातला. लपाछपीचा खेळ, राज्य कायम पप्पांवर. आधी सरांच्या आवाजात "येऊ का?" असं वाजायचं, मग शिवांगीच्या आवाजात "या". ते ऐकल्याशिवाय चित्रातला पप्पा जागचा हलायचा नाही.

सरांनी हिरवं बटण दाबलं. "येऊ का?" त्यांचाच आवाज आला. पुढे काहीच आलं नाही.

तिचा आवाज खेळातल्या भलत्याच पात्राच्या खात्यात पडलेला दिसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी तो जागेवर आणला. तरी शांतता. आवाजाची पट्टी शंभरावरच होती, स्पीकरही ठणठणीत होता. फाइल मोबाईलवर घेऊन पाहिली, तिथेही ती मुकीच. एकच शब्द ऐकायचा होता, एकदाच. तेवढ्यासाठी सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांची बायको उज्वला पदराला हात पुसत दारात आली. "कशाला उकरून काढायलाव? राहू द्या की," एवढंच बोलून ती परत आत गेली.

सरांना तिचा राग आला नाही. लेक गेल्यापासून घास तोंडाजवळ नेऊन खाली ठेवणारी उज्वला आठवडाभर नीट जेवत होती. स्वयंपाकघरातून तिची गुणगुण यायची. बायको सावरली, आपणच मागे राहिलो, असं सरांना वाटायचं, आणि त्याची थोडी लाजही वाटायची.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. 'आवाज संपेपर्यंत वाजव' या ठोकळ्याभोवती अजून पिवळी कड होती. ठोकळा चालू असला की ती दिसते, काम झालं की विझते. फाइल तर दोन सेकंदांची. सरांनी घड्याळ लावलं. नऊ मिनिटं झाली तरी कड विझली नाही. प्रोग्रॅमच्या लेखी आवाज अजून चालूच होता.

त्यांनी फाइल उघडली. लांबी आता दोन सेकंद नव्हती. नऊ मिनिटं, चाळीस सेकंद. बंद करून परत उघडली, तर दहा मिनिटं, दोन सेकंद. आवाजाची रेघ सपाट दिसत होती, पण नीट पाहिलं तर किंचित थरथरत होती. सरांनी आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवला आणि हेडफोन घातला.

आधी नुसती खरखर. मग श्वास.

लपलेलं पोर दम धरून बसतं आणि न राहवून हळूच सोडतं, तसा. नाक चोंदलं की शिवांगीच्या श्वासाला बारीक शिट्टी यायची. ती शिट्टीही होती. सरांना रडू फुटलं. त्यांनी ते आवरलं नाही.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठ्यानं गाणं लावून. तेच गाणं त्याच वेळी हेडफोनमधूनही गेलं, पण लांबून, दोन भिंतींआडून आल्यासारखं.

सरांचे डोळे कोरडे झाले.

मग पळी पातेल्याला लागल्याचा आवाज. हेडफोनमध्ये अगदी कानाशी. त्यांनी एक कान मोकळा केला. स्वयंपाकघरातून तोच आवाज आला, बारीक.

ते वाकले. दारातून उज्वला दिसत होती, पाठमोरी, गॅसपाशी. जवळ कोणी नव्हतं.

हेडफोनमधला श्वास थांबला.

"आई," शिवांगी कुजबुजली, "पप्पाला सांगू का, मी इथं हाय म्हणून?"

ते फक्त झाकलेल्या कानात ऐकू आलं.

स्वयंपाकघरात पळी थांबली. उज्वला वळली नाही. तिनं फक्त मान खाली घातली, पदराच्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर पाहत.

"नको माय," ती हळूच म्हणाली. "त्यांना सोसायचं न्हाई."