मुंगीचे अकरा गुण

सकाळी साडेनऊला गुण मोजणाऱ्या यंत्रावरचा ऑपरेटर जवळजवळ धावतच आला आणि त्याने एक उत्तरपत्रिका भिंगबाईंच्या चहाशेजारी ठेवली.

"बाई, डोळे मिटून गोळे रंगवले तरी साठातले पंधरा बरोबर येतात. या पोरीचे अकराच आलेत."

"मग?"

"मग हेही वाचा."

त्याने पुढे केलेला दुसरा कागद म्हणजे निरीक्षण-तक्ता होता. शिक्षण कार्यालय दरवर्षी सरकारी शाळांतल्या चौथीच्या मुलांमधून वीस हुशार मुलं निवडून विशेष शाळेत पाठवत असे. निवड दोन कागदांवर व्हायची. एक मुलाने गोळे रंगवून सोडवलेली चाचणी, दुसरा वर्गशिक्षिकेने भरलेला तक्ता. दोन्हींचं जुळलं नाही तर चाचणी खरी मानायची, असा नियम होता. तो कोणी केला हे कार्यालयात कोणाला आठवत नव्हतं, पण पाळण्यात कोणी कसूर करत नव्हतं.

या तक्त्यावर चौथीच्या बाईंनी लिहिलं होतं, 'बावीस वर्षांत अशी मुलगी पाहिली नाही. मी समजावते ते तिला आधीच समजलेलं असतं.'

यादी संध्याकाळी पाचला लागणार होती. लागलेली यादी बदलत नसे, आणि चौथी संपली की ही परीक्षा पुन्हा देता येत नसे.

फेरतपासणीचं काम भिंगबाईंकडे होतं. त्यांच्या पर्समध्ये कायम भिंग असे, म्हणून हे नाव. ते आपल्याला ठाऊक नाही असं त्या दाखवत, पण मनातून त्यांना ते आवडायचं. त्यांनी दोन्ही कागद खिडकीकडे तिरपे धरून पाहिले. उत्तरपत्रिकेच्या डोक्याशी, उजव्या कोपऱ्यात, प्रश्नपत्रिकेच्या दोन संचांसाठी 'अ' आणि 'ब' असे दोन गोळे होते. त्यातला 'ब' रंगवलेला होता. तक्त्याच्याही उजव्या कोपऱ्यात, नखाने दाबल्यासारखा एक बारीक खळगा दिसला. बाकी कागद गुळगुळीत होता.

पाकीट कोणी फोडलं, असं त्यांनी विचारलं. ऑपरेटर म्हणाला की त्यानेच. सील धड होतं. पिना काढल्या, तक्ते एका फायलीत लावले, पत्रिका लगेच यंत्रात घातल्या. नेहमीसारखंच.

भिंगबाईंनी चहा तसाच ठेवला, दोन्ही कागद पर्समध्ये घातले आणि रिक्षा पकडली.

मुख्याध्यापकांनी त्यांना बसवलं खरं, पण चेहरा काही सैल केला नाही. सगळी हकिगत मात्र सरळ सांगितली. वर्गशिक्षिकेने आपल्याच मुलांवर देखरेख करायची नाही, म्हणून शनिवारी परीक्षेला चित्रकलेचे सर होते. त्यांनी पत्रिका मोजून दिल्या, मुख्याध्यापकांनी त्या कपाटात ठेवल्या. सोमवारी चौथीच्या बाई त्या आपल्या वर्गात घेऊन गेल्या, प्रत्येक पत्रिकेखाली त्या त्या मुलाचा तक्ता ठेवून पिना मारल्या, पाकिटाला सील केलं आणि सीलवर मुख्याध्यापकांची सही घेऊन गेल्या. पुढे कारकुनाने ते कार्यालयात पोचवलं.

"ती मुलगी गेली तर तुमचं नुकसान आहे?" भिंगबाईंनी विचारलं.

"दरवर्षीच होतं. दूध आम्ही तापवायचं आणि साय तुम्ही न्यायची. मग निकाल पडला की खुलासा आम्हीच द्यायचा." एवढं म्हणून त्यांनी टेबलावरच्या फायली उगाच सारख्या केल्या.

चित्रकलेचे सर हॉलमध्ये भेटले.

"मुलांकडे खोडरबर होता?"

"नाही. दप्तरं बाहेर. पेन्सिली तुमच्याच कार्यालयाच्या, त्यांना मागे रबर नसतो. चुकलं तर फुली मारायची, खोडायचं नाही."

"तुमच्याकडे असतो?"

सरांनी खिशातून एकामागून एक तीन रबर काढून टेबलावर मांडले. "चित्रकला शिकवतो, बाई."

"साहेबांकडून कळलं, तुमच्या भाचीनेही परीक्षा दिली आहे. ती यादीत विसावी आहे. या मुलीचे गुण वाढले तर ती बाहेर जाईल."

सरांचा चेहरा उतरला. भाचीने परीक्षा दिली हे त्यांना माहीत होतं, नंबर माहीत नव्हता, असं ते दोनदा म्हणाले. भिंगबाईंनी तिन्ही रबर त्यांच्याकडे ढकलले आणि त्या उठल्या.

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मुलगी व्हरांड्यात बसून दोन दांडग्या मुलांना भागाकार शिकवत होती. सारखी कशात तरी गुंतलेली आणि अंगाने एवढीशी, म्हणून सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. भिंगबाई गुडघा सांभाळत तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"तुझ्या पेपरात पहिला प्रश्न कुठला होता, आठवतो?"

"दातेरी चाकांचा. पहिलं उजवीकडे फिरलं तर सातवं कुठे फिरेल."

"आणि पेपर कसा होता? अवघड?"

मुंगीने थोडा विचार केला. "दोन प्रश्न होते अवघड."

'ब' संचाचा पहिला प्रश्न घड्याळांचा होता. भिंगबाईंनी ऑपरेटरला फोन करून, यंत्रात उतरलेली तिची उत्तरं 'अ' संचाच्या उत्तरांशी ताडायला सांगितली. पाच मिनिटांत त्याचा उलटा फोन आला.

"बाई, अठ्ठावन्न. वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा."

फोन ठेवून त्यांनी भिंग काढलं. 'अ' गोळ्यात कागदाचे तंतू उभे राहिले होते. तिथे आधी पेन्सिल होती आणि कोणीतरी ती रबराने खोडली होती. एक गोळा खोडायचा, शेजारचा रंगवायचा, एवढ्यावर साठही उत्तरं परक्या संचाशी ताडली गेली. त्यांना भयंकर संताप आला. चोरी तरी माणूस गरजेपोटी करतो, हे काय होतं?

त्यांनी मुंगीच्या आईला बोलावून घेतलं. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यातून कामाच्या अ‍ॅप्रनमध्येच आली. पाण्याने तिची बोटं पांढरी पडली होती. पोरीने काही आगळीक केली असावी, याच धास्तीत ती होती. तिच्याकडून कळलं की तिची कामाची पाळी संध्याकाळी सातला सुटते, आणि गेली तीन वर्षं शाळा सुटल्यावर चौथीच्या बाई मुंगीला आपल्या घरी नेतात, जेवू घालतात, पुस्तकं देतात. पहिल्यांदा हिची हुशारी ओळखली तीही त्यांनीच. बाईंचं नाव घेताना तिने हात जोडले.

साडेतीनला मुख्याध्यापकांच्या खोलीत पाच जण जमले. चौथीच्या बाई मुंगीच्या आईशेजारी बसल्या. घाबरू नका, मी आहे, असं त्या तिला हळूच म्हणाल्या.

भिंगबाईंनी अठ्ठावन्नचा आकडा सांगितला आणि गोळा कसा बदलला तेही.

"हॉलमध्ये मुलांकडे रबर नव्हता. म्हणजे हे परीक्षेनंतर झालं. शनिवारी पत्रिका सरांच्या हातात होत्या, पुढे साहेबांच्या कपाटात. सरांकडे रबर आहेत, कारणही आहे. साहेबांकडेही कारण आहे. मला दोघांचाही संशय आला, ते मी लपवत नाही."

सरांनी मान खाली घातली.

"पण या तक्त्यावर खळगा आहे. पत्रिका वर आणि तक्ता खाली, असं पूर्वीच्या पिनेच्या भोकांवर ठेवून पाहिलं. खळगा बरोबर 'ब' गोळ्याच्या खाली येतो. दाबून गोळा रंगवला की खालच्या कागदावर उमटतो. मुंगीने साठ उत्तरं रंगवली, त्यातलं एकही तक्त्यावर उमटलेलं नाही, कारण तेव्हा तक्ता खाली नव्हता. 'ब' रंगवला तेव्हा होता. म्हणजे पिन मारल्यावर. त्यानंतर सील होईपर्यंत हे कागद एकाच माणसापाशी होते. आणि आमच्याकडे सील फुटल्यावर पिना निघाल्या, तक्ते वेगळे झाले."

चित्रकलेच्या सरांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"तक्त्यात इतकं कौतुक लिहिणाऱ्यावर कोण संशय घेणार?" भिंगबाई चौथीच्या बाईंकडे वळल्या. "आणि चाचणीच खरी धरतात, हे तुम्हाला बावीस वर्षं माहीत आहे."

"कौतुक खरंच होतं ते," चौथीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी नाकारलं नाही. "त्यातला एकही शब्द खोटा नाही. बावीस वर्षांत अकरा मुलं ओळखली मी. अकराही गेली. परत येऊन एकानेही दार वाजवलं नाही. वर्गात उरतात त्यांना कोण शिकवतं? मुंगी शिकवते. तिच्यामुळे सहा मुलांना भागाकार येतो, ज्यांना माझ्याकडून आला नसता. आणि संध्याकाळी..." त्या थांबल्या. "संध्याकाळी घरात कोणी बोलायला असतं."

"तिचं काय झालं असतं?" भिंगबाईंनी विचारलं. "अकरा गुण बघून तिने स्वतःला काय समजायचं होतं?"

"मी समजावलं असतं तिला."

मुख्याध्यापकांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढून सही केली. त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होते. भिंगबाईंनी अर्ज पर्समध्ये ठेवला, कार्यालयात फोन लावला आणि यादी थांबवायला सांगितली. पाचच्या आत मुंगीचं नाव पहिल्या क्रमांकावर जाणार होतं. चौथीच्या बाईंवर काय कारवाई करायची ते नंतर ठरणार होतं.

खळगा, पिना, संच यातलं मुंगीच्या आईला कितपत कळलं होतं कोण जाणे. पण शेवटचं कळलं होतं. ती उठून चौथीच्या बाईंसमोर उभी राहिली. आवाज चढला नाही.

"बाई, रबर कशाला घेतलात हातात? मला नुसतं म्हणायचं होतंत, तिला पाठवू नका म्हणून. मी नसतं पाठवलं. का, एवढंही विचारलं नसतं."

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला मागे घेतला.

मग ती व्हरांड्यात गेली. भागाकार अर्धाच राहिला म्हणून मुंगी कुरकुरत होती. आईने तिचं दप्तर उचललं. शाळा सुटायला अजून अवकाश होता, आणि आज पाळी बुडणार होती.

"आज बाईंकडे नाही जायचं?" मुंगीने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "बाईंना आज बरं नाही."