वीज तोडलेला कोपरा

हे खरंच घडलं आहे. मी स्वतः त्या खोलीत होतो.

पण आधीच सांगतो, मी घाबरट माणूस आहे. सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. अंधार पडला की बाल्कनीतसुद्धा जात नाही. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. माझी भाची ठकू मात्र तशी नाही. तिचा त्या वेळचा चेहरा मी पाहिला आहे.

आणि रात्र नव्हती. सुटीची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन.

ठकू चिप डिझाइनमध्ये पीएचडी करते. तिने आखलेल्या चिप कारखान्यातून बनून आल्या, त्यातली एकच नीट चालत होती. तिची मोजमापं मिळाली की प्रबंध पूर्ण. नाही मिळाली, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"मामा, आकडे लिहून घ्यायला ये ना. त्या खोलीत एकट्याने काम करू देत नाहीत."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं."

"म्हणूनच ये. कळणारे सल्ले देतात."

खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. भिंती, छत, दाराची आतली बाजूसुद्धा. बाहेरची कुठलीही लहर आत येऊ नये म्हणून. दार लागलं आणि माझा मोबाईल मुका झाला. बाहेरच्या पंख्याची घरघरही गेली.

स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ठकूने सूक्ष्मदर्शकातून चिप दाखवली. नखाहून लहान. त्यावर चार चौकोन.

"चिप बनवणं फार महाग पडतं. म्हणून आम्ही चौघं एकाच चिपमध्ये राहतो, भाडेकरूंसारखे. हा माझा चौकोन."

"आणि तो कोपऱ्यातला?"

ती मोजणीयंत्राच्या बारीक सुया नीट लावू लागली.

"दादाचा. आमचा सीनियर. आराखडा पाठवायच्या आधीच गेला. याच खोलीत... दार अडकलं होतं. एकटाच होता."

"मग त्याचा चौकोन ठेवला कशाला?"

"काढला असता तर सगळ्यांचं पुन्हा आखावं लागलं असतं. सर म्हणाले, राहू दे, फक्त त्याची वीज तोड. मीच तोडली. सुई टेकवायची जागा आहे, पण तिथून आत जाणारी तारच नाही."

तिने आपल्या चौकोनावर सुया टेकवल्या. पडद्यावर एक रेघ आली. सरळ.

"छान. अश्शीच हवी."

आणि रेघ... हलली.

हळूहळू वर. हळूहळू खाली.

ठकूने सगळ्या सुया उचलल्या. आता चिपला काहीच जोडलेलं नव्हतं.

वर... खाली...

मी माझा श्वास रोखून पाहिला. वेडेपणा होता, पण रोखला.

रेघ थांबली नाही.

"चल मामा, बाहेर जाऊ."

दाराची मूठ फिरेना. दोघांनी भार टाकला. तसूभर हलली नाही. मी तीनदा दार बडवलं. "अहो, कोणी आहे का?"

पडद्यावर तीन टोकं उठली.

"हादऱ्याने होतं तसं," ठकू म्हणाली.

आम्ही निश्चल उभे राहिलो.

पुन्हा तीन टोकं... मग पुन्हा. घाईघाईने. खोलीत टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता.

"मामा, तो दार वाजवतोय. आतून."

मला धाप लागली होती. हवा संपत आली असावी, किंवा भीती असावी. ठकूने माझ्याकडे पाहिलं आणि सुई उचलली.

"त्याच्या सर्किटला विजेचा जास्त दाब लागतो. तेवढा दिला तर माझं जळेल."

"अगं, ही एकच चालते ना?"

"दार उघडत नाहीये, मामा. त्याची वीज मीच तोडली होती."

तिने दादाच्या चौकोनावर सुई टेकवली. बटण फिरवलं. किती वीज आत जाते ते दाखवणारा मीटर शून्यावरच राहायला हवा होता. तार नव्हती.

आकडा चढू लागला.

पडद्यावरची टोकं थांबली.

आमच्या पाठीमागे... मूठ आपोआप फिरली. पंख्याची घरघर आत आली.

ठकूचं सर्किट जळालं. सरांना तिने सांगितलं, माझ्या हातून चूक झाली. सरांनी मीटर तपासला, तज्ज्ञ बोलावला. तो म्हणाला, हा चौकोन वीज घेऊच शकत नाही. मीटरवर मात्र आकडा आहे.

ठकूने पुरवठा आजपर्यंत बंद केलेला नाही.

"बंद केला तर तो पुन्हा कोंडला जाईल."

ती घरी येईना. ताई रडकुंडीला आली. "तुझंच ऐकते ती, घेऊन ये तिला." म्हणून आज मी गेलो. ठकू नियम मोडून एकटीच मीटरसमोर बसली होती, डोळे खोल गेलेले.

"तू बसतोस थोडा वेळ? आईला भेटून येते."

भाचीला नाही कसं म्हणणार? बसलो.

हे तिथेच बसून लिहितो आहे. आकडा मघापेक्षा थोडा उतरलेला वाटतो. माझी नजर अधू आहे, चूक होत असेल. बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, हे मला माहीत नाही.

दार अजून उघडं आहे. प्रत्येक ओळ लिहून झाली की मी मागे वळून बघतो.