या, बसा

पंखा बंद करा रे, त्याच्या घरघरीत माझं बोलणं ऐकू यायचं नाही. हां. आमचे विश्वंभर मास्तर ठाऊक आहेत ना, श्रीवर्धनचे, चित्रकलेचे? गेल्या मार्गशीर्षात ते नात इराला घेऊन मुंबईला गेले, फोर्टातल्या जुन्या दगडी इमारती दाखवायला. घरी पांढऱ्या फरशीचा नवा जिना नुकताच झालेला, त्यामुळे मास्तरांचा डोळा जिथे तिथे जिन्यांवरच.

एका इमारतीत शिरले. काय त्या कमानी, काय तो कठडा! दगडात वेली कोरलेल्या, मधे पोपट. आणि त्या पोपटांवर पिंका! वाळलेल्या, ओल्या, थरावर थर, पार चोचीपर्यंत. शी! मास्तरांनी नाक दाबलं. इराला म्हणाले, नाकाला रुमाल लाव.

जिन्याच्या वळणावर एक म्हातारा बसलेला, तोंड भरलेलं. मास्तरांच्या डोळ्यांदेखत तो पोपटावर थुंकला. पच्च!

"लाज नाही वाटत?" मास्तर खेकसले. "या एकदा आमच्याकडे श्रीवर्धनला, जिना कसा ठेवतात ते बघायला!"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "उतरायचं कुठं?"

आता आपली कोकणातली जीभ! भांडतानासुद्धा पत्ता सांगून मोकळे. "स्टँडवर कुणालाही विचारा, विश्वंभर मास्तरांचं घर."

बाहेर वॉचमननं हटकलं. "वर कशाला गेला होतात? वर कुणी नसतं."

"मग तो थुंकणारा म्हातारा?"

 वॉचमननं दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात अमावास्या आली. मुलगा-सून लग्नाला तळा गावी गेलेले. इरा वरच्या खोलीत, मास्तर खाली. मध्यरात्री अंगणातून वास आला. काथ, चुना, कुजकं तोंड...

पच्च.

"मास्तर... येऊ का?"

मास्तरांनी तोंडावर हात दाबून धरला. बोलावल्याशिवाय असलं काही आत येत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. फक्त इराला जाग येऊ नये...

"येऊ...?"

आणि वरून इराचा आवाज आला. झोपेतला. दारात पाहुणा आला की काय म्हणायचं, हे मास्तरांनीच तिला शिकवलेलं.

"या, बसा! पाणी देऊ?"

...

जिन्यावर पच्च. मग त्याच्या वरच्या पायरीवर. मग आणखी वर...

मास्तर धावले. बॅटरी मारली. जिना कोरडा. पांढराशुभ्र. वर इरा गाढ झोपलेली. मास्तर तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडले, पोर वाचली म्हणून.

सकाळी इरा खाली आली. मास्तरांनी दूध पुढे केलं. तिनं मानेनंच नको म्हटलं. गाल फुगलेला. आठ वर्षांची पोर, सुपारीच्या वाडीत वाढली, पण सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं नव्हतं तिनं. ती जिन्याच्या कोपऱ्याकडे वळली...

तो कोपरा मी पाहिलाय. मास्तर रंग देऊन देऊन थकले. मी नुसतं बोट लावलं, तर बोट लाल झालं.

अजून ओला आहे तो.