लाल दोऱ्याची बाटली

"अहो, जरा डावीकडे सरता का? माझ्या नदीत उभ्या आहात."

पुलाच्या कठड्यावरून दोरीने बादली खाली सोडणाऱ्या तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नदी तुमची होय? बरं झालं भेटलात. दोन वर्षं मालकाला शोधतेय. जाब विचारायचाय."

कॅमेऱ्यामागचा माणूस हसला... आणि तिची बादली उगाचच कठड्यावर आपटली.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दर मंगळवारी एक बाटली वरच्या बंधाऱ्याजवळून भरायची आणि एक पुलाखालून, जिथे नळांना चकाकी चढवणारा कारखाना आपलं पाणी सोडायचा. पाणी दिसायला काचेसारखं नितळ. तीच तर लबाडी. तो नदीचे फोटो काढायचा आणि कागदावर उतरवून झाले की त्याच जागच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवायचा. बंधाऱ्याचे फोटो तसेच राहायचे. कारखान्याखालचे विरायचे, त्यांना पिवळी भोकं पडायची. दोन्ही शेजारी शेजारी लावून तो प्रदर्शन भरवणार होता.

"म्हणजे आधी मर मर मरून फोटो काढायचा, मग नासवायचा?"

"मी कुठे नासवतो? जे नासवतात त्यांची सही घेतो फक्त."

हे वाक्य तिच्या मागोमाग घरी आलं आणि जेवताना ताटाशेजारी बसलं.

"तिसऱ्यांदा मीठ मागतेय मी," आई म्हणाली. "आज पाण्यात काय सापडलं गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरंच दिसतंय!"

मग मंगळवार उगवायला फार वेळ लावू लागले. त्याच्यासाठी ती कारखान्याखालच्या पाण्याची एक बाटली जास्त भरायची. बाटल्या सगळ्या सारख्या, तपकिरी काचेच्या. म्हणून भरून, पुसून झाल्या की शेवटी त्यांच्या गळ्यात दोरे बांधायची – बंधाऱ्याच्या पाण्याला पांढरा, कारखान्याच्या पाण्याला काळा, आणि त्याच्या बाटलीला लाल.

"या खेपेला मला बंधाऱ्याचं पाणी द्या, बाटलीबाई," एका मंगळवारी ती भरायला निघण्याआधीच तो म्हणाला.

"हळू बोला! लोक काय समजतील?"

"गेल्या आठवड्यात तुमचा एक फोटो काढलाय. त्यात नदी नाही. तुम्ही आणि बादली."

"बरी आलीय का बादली?"

"बादलीकडे अजून पाहिलंच नाही. तो फोटो स्वच्छ पाण्यात बुडवायचाय. तुम्हाला कारखान्याखाली बुडवायची... छाती होत नाही."

बाटल्या भरून झाल्यावर तिने दोरे बांधायला घेतले. हात तिचे होते. लक्ष तेवढं नव्हतं.

गुरुवारी निकाल आला. कारखान्याखालचं पाणी शुद्ध! दोन वर्षांत पहिल्यांदा. साहेब खूश. शुक्रवारी सुनावणी होती – कारखाना दुप्पट वाढवू द्यायचा की नाही, ते याच कागदावर ठरणार होतं. खालच्या अंगाला दोन वस्त्या तेच पाणी पीत होत्या. तिने बाटलीतलं उरलेलं पाणी पुन्हा तपासलं. पुन्हा शुद्ध. आकड्यांशी भांडता येत नाही. पण जिथे दोन वर्षांत एक मासा दिसला नाही, तिथलं पाणी असं रातोरात सुधारतं? ती खिडकीपर्यंत जायची, परत यायची. पायांना भिंगरी लागली होती.

दुपारी तो आला. हातात पसरट ट्रे, त्यावर ओलं फडकं. चेहरा पडलेला.

"रागावू नका... मी नीट धुतला होता हो."

तिने फडकं उचललं. बादली शाबूत होती. ती धरणारे हात होते. चेहऱ्याच्या जागी मात्र पिवळं भोक.

"बंधाऱ्याचंच पाणी होतं ना?" त्याने विचारलं. "मग असं कसं..."

ती बघत राहिली. आणि एकदम त्याचा ओला हात पकडून मोठ्याने हसली.

"लाल दोरा! कारखान्याचं पाणी तुम्हाला गेलं, आणि काळ्या दोऱ्यात बंधाऱ्याचं! मी दोरे उलटे बांधले!"

"तुम्ही? असं कसं?"

"असं कसं म्हणे! बादलीकडे पाहिलं नाही म्हणून कोण सांगत होतं?"

मग हसू ओसरलं. साहेबांची खोली दहा पावलांवर होती. गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? या ट्रेला तेवढं.

"मी कुणाला सांगणार नाही," तो हळूच म्हणाला. "फेकून देतो हा."

"खबरदार!" तिने ट्रे उचलला.

साहेबांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं. "या तुम्ही?"

"होते. चूक माझी आहे, साहेब. निकाल मागे घ्या."

"नोकरीवर बेतेल. कळतंय?"

"कळतंय ना. म्हणून तर विचार बदलायच्या आत आले."

साहेबांनी फोटो पुन्हा एकदा उजेडात धरला. मग कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या."

नोकरी वाचली, ठपका बसला. सुनावणी आठवडाभर पुढे गेली, नवं पाणी घ्यायचं ठरलं. आणि नवा नियम निघाला – बाटली भरताना साक्षीदार हवा, त्याची सही हवी.

मंगळवारी तो पुलावर तिच्याआधी हजर. गळ्यात कॅमेरा नव्हता.

"साक्षीदार पाहिजे असं ऐकलं."

"दर मंगळवारी यावं लागेल."

"येईन. बाकीच्या वारांचं काय?"

"आधी सही करा." काळ्या दोऱ्याची गाठ तिने दोनदा तपासली. "तो फोटो परत काढायचाय ना?"

"नाही. तो तसाच लावणार प्रदर्शनात. चेहरा मला... समोर हवाय." त्याने सही केली, पण पेन परत दिलं नाही. "एक आत्ताच सांगून ठेवतो. बाटल्यांपुरता साक्षीदार ठीक आहे. उद्या लग्नाच्या कचेरीत सही करायची वेळ आली, तर साक्षीदाराच्या रकान्यात मी करणार नाही."

तिने बादलीची दोरी त्याच्या हातात दिली.

"मग नीट धरायला शिका," ती म्हणाली. "आईला ढिला माणूस चालत नाही."