रामभाऊंच्या पेन्सिलखुणा

अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीवर एक छोटं वाचनालय होतं. गिरणी सुरू झाली की वरची जमीन थरथरायची, आणि पुस्तक उघडलं की आधी ज्वारीचा वास यायचा. वडील, रामभाऊ, गेल्यावर महिन्याभराने त्यांच्याकडचं शेवटचं पुस्तक परत करायला यशोधरा तिथे गेली, तेव्हा टेबलामागे विनीत होता. एमआयडीसीत नोकरी, शनिवारी इथे काम.

त्याने कार्डावरचं रामभाऊंचं नाव वाचलं, तिच्याकडे पाहिलं... आणि दुसरं एक पुस्तक पुढे सरकवलं.

घरी उघडलं, तर आत चिठ्ठी. सुबक अक्षरात बायबलमधलं वचन आणि खाली — प्रभूकडे या, शांती मिळेल.

पुढच्या शनिवारी तिने ती टेबलावर ठेवली.

"ही तुमची?"

"हो." त्याचा चेहरा उजळला. "थोडं बरं वाटलं का?"

"माझे बाबा दर चौदा ऑक्टोबरला उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हणायचे. अंगात ताप असला तरी. ते जाऊन जेमतेम महिना झाला, आणि तुम्ही मला तुमच्यात बोलावताय?"

विनीतने चिठ्ठी खिशात घातली. "चुकलं माझं. आमच्यात कुणी गेलं की वचन देतात. तुम्हाला काय हवंय, ते विचारलंच नाही मी."

"मग विचारा."

"काय... हवंय?"

"बाबांना ओळखणारं कुणीतरी."

तो उठला आणि कपाटातून पाच पुस्तकं काढून आणली. परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलच्या खुणा खोडणं, हे त्याचंच काम. पण रामभाऊंच्या खुणा समासात तशाच होत्या. पटलं तिथे बरोबरची खूण, नाही पटलं तिथे प्रश्नचिन्ह.

"या का नाही खोडल्या?"

"त्यांच्यामागून वाचायची सवय लागली होती. एकदा म्हणाले, 'पोरा, तुझा देव प्रश्न विचारू देतो ना?' म्हटलं, देतो. म्हणाले, 'मग बस, चहा पिऊ.'"

यशोधरा हसली, आणि मग कितीतरी वेळ तिला वर बघता आलं नाही.

त्यानंतरचे शनिवार आठवले, की तिला अजून ज्वारीचा वास येतो.

"तुम्ही पुस्तकं न वाचताच परत आणता," तो म्हणायचा.

"कशावरून?"

"पिठाचा थर तसाच आहे."

"मग बारीकसं द्या. लवकर परत आणता यायला हवं."

नाताळात त्याने करंज्यांचा डबा दिला. "आत फक्त करंज्या आहेत. तपासून घ्या."

तिने त्याच्यासमोर खरंच एकेक उचलून पाहिली!

वर्ष सरलं. रामभाऊंच्या पहिल्या स्मृतिदिनाला तिने त्याला घरी बोलावलं, आणि रात्रभर धास्तावली. तो आईसमोर धर्म काढेल... किंवा आईला खूश करायला स्वतःचा लपवेल. दोन्हींत तो तिच्या मनातून उतरणार होता.

भंतेजींमागे सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. विनीत हात जोडून उभा होता, पण ओठ मिटलेले. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तू नाही रे म्हटलंस?"

"नाही, काकू. हे शब्द म्हणजे प्रतिज्ञा आहे. माझी श्रद्धा येशूवर. मनात नसताना म्हटलं असतं, तर काकांनी बाजूला प्रश्नचिन्ह काढलं असतं."

आईने रामभाऊंच्या फोटोकडे पाहिलं. "काढलंच असतं," ती म्हणाली, आणि वर्षात पहिल्यांदा मोकळी हसली. "जेवून जा, बाळा."

जेवणानंतर गॅलरीत तो म्हणाला, "एक सांगायचंय. रोज प्रार्थनेत मी तुमचं नाव घेतो. तुम्हाला न विचारता. चालेल का?"

"काय मागता?"

"तुम्हाला झोप लागावी."

"मी तुमच्यासारखं व्हावं, असं नाही?"

"नाही."

"मग चालेल." तिने कठड्यावरचं बोट त्याच्या बोटापाशी नेलं. "आणि स्वतःसाठी?"

"ते... देवाला नाही, तुम्हाला विचारायचंय."

त्याने बरोबर आणलेलं पुस्तक पुढे केलं. आत चिठ्ठी, तेच सुबक अक्षर. वचन मात्र नव्हतं. एकच ओळ होती — शनिवार सोडूनही येऊ का? कायमचा?

यशोधरा आत गेली. फोटोपाशी ठेवलेली बाबांची आखूड पेन्सिल घेऊन आली, आणि त्या ओळीपुढे तिने बारीकशी बरोबरची खूण केली.