तात्यांच्या वाट्याची स्कॉच

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, पण कळंबला गेलात तर गोकुळसमोर हसू नका. गेल्या पौषात हे त्याच्याच घरात घडलं.

गोकुळचे चुलते भिमाजीतात्या पुण्यात एका साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काम सोडताना साहेबानं त्यांना स्कॉचची बाटली दिली. तीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, धुरकट वासाची. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, म्हणजे तशी पुन्हा मिळणं नाही.

तात्यांना पोरबाळ नव्हतं. ते गोकुळच्याच मागे लागायचे. "बस की लेका येकदा. येकट्यानं पिली तर नुसती दारू हाय ती."

"बसू की तात्या," गोकुळ म्हणायचा. बसणं मात्र राहूनच जायचं.

तात्या गेले. बाटली सीलबंदच राहिली.

दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला...

कावळा शिवेना.

समोर बाभळीवर कावळे बसून होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. भावकीनं नाना वचनं देऊन पाहिली. शेवटी तात्यांची बहीण चिमाबाई गोकुळच्या कानाशी आली.

"भावाचा जीव त्या बाटलीत आडकलाय. बोल कायतरी."

गोकुळनं हात जोडले. "तात्या, आपण दोघं बसून संपवू ती."

झपकन कावळा उतरला.

सगळ्यांना हायसं वाटलं. आपण काय बोलून बसलो, हे गोकुळला घरी पोचल्यावर कळलं.

दोनेक दिवसांनी दिवेलागणीला तात्यांच्या खोलीतून वास आला. ओल्या लाकडाच्या धुराचा... आत ना चूल, ना शेगडी.

मग पेल्याला पेला टेकल्याचा आवाज.

"अवं, कोण पावणं आलंय का?" त्याच्या बायकोनं, रुपालीनं, आतून विचारलं.

कुणी नव्हतं. टेबलावर स्टीलचे दोन पेले होते. एक ओला. एक कोरडा.

गोकुळनं कपाटातली बाटली उजेडात धरली. सील जसंच्या तसं. पण आतली दारू बोटभर उतरली होती...

रोज तेच. त्याची पाचावर धारण बसली. बाटली नदीत टाकायला निघाला, तर चिमाआत्यानं दारातच अडवलं.

"शबुद दिलाय तू. मोडलास तर त्यो येईल इचारायला."

"आन पाळला तर, आत्या?"

आत्यानं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली.

एके दिवशी वास थांबला. आवाजही थांबला.

"गेलं बाई येकदाचं," रुपाली म्हणाली.

गोकुळनं बाटली पाहिली. दारू बरोबर निम्म्यावर येऊन थांबली होती. तात्यांनी आपला वाटा संपवला होता.

उरलेली त्याची होती.

बाटली अजून त्या कपाटात आहे. रुपाली दोन्ही पेले धुऊन पालथे घालते. संध्याकाळी त्यातला एक सुलटा झालेला असतो. इतके दिवस तो कोरडा असायचा.

परवा तो भरलेला होता...

गोकुळनं हात लावलेला नाही. पण हल्ली दिवे लागले की त्याला फार तहान लागते, आणि पाण्यानं ती भागत नाही.