आजोबांना ट्रक ऐकू येतो, मग मी का नाही?

गल्लीच्या टोकाला कोळशाचा ट्रक वळला, की वामनराव देवतळे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "ट्रक आला." पण त्यांची नात शाल्मली शेजारी बसून बोलली, तर ते नुसते हसून मान हलवायचे. शाल्मलीला वाटे, आजोबा सोंग करतात. ज्यांना इतक्या लांबचा ट्रक ऐकू येतो, त्यांना हाताच्या अंतरावरची मुलगी ऐकू येत नाही, हे कसं शक्य आहे?

आजोबा भूवैज्ञानिक होते. चंद्रपूरच्या खाणींमध्ये सुरुंग उडाले, की जमीन किती हादरते हे मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता त्या खाणी यंत्रमानव चालवत होते आणि आजोबा घरी होते. गेल्या काही दिवसांपासून तर ते जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नव्हते. आई आणि बाबा बोलू लागले, की ते दोघांकडे आळीपाळीने बघत आणि उठून आपल्या खोलीत जात. आईने श्रवणयंत्राचा विषय काढला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की ही घाई कशासाठी चालली आहे. तेव्हापासून आईने तो विषय सोडून दिला.

शेवटी शाल्मलीच त्यांना बाजारातल्या नव्या दुकानात घेऊन गेली. तिथे विक्रीला माणूस नव्हता, यंत्रमानव होता. त्याचा आवाज खर्जातला आणि भारदस्त होता. त्याने आजोबांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, त्यांचे कान नीट तपासलेही नाहीत, आणि दुकानातलं सर्वांत महागडं यंत्र एका कानात घातलं. मग तो हवापाण्याबद्दल बोलू लागला. आजोबांना त्याचा शब्द न् शब्द कळला. त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी खिशात हात घातला.

शाल्मलीला मात्र काहीतरी खटकत होतं. दुकानात शिरताना याच यंत्रमानवाने आजोबांचं नाव विचारलं होतं आणि आजोबांनी लगेच सांगितलं होतं. तेव्हा तर कानात काहीच नव्हतं. तिने आजोबांना यंत्र काढायला लावलं आणि यंत्रमानवाला पुन्हा बोलायला सांगितलं. आजोबांना आताही सगळं कळलं. मग तिने यंत्र परत घालायला लावलं, खोलीचं दार उघडलं आणि आजोबांच्या पाठीमागे उभी राहून "साठ" म्हणाली. त्याच वेळी बाहेर एक हॉर्न वाजला. आजोबांनी कळवळून कानावर हात ठेवला आणि "आठ" ऐकू आलं असं सांगितलं.

"तू मुद्दाम जाड आवाजात बोलतोस का?" तिने यंत्रमानवाला विचारलं.

"हो," तो शांतपणे म्हणाला. "माझं काम विकण्याचं आहे. तपासण्याचं काम मला दिलेलं नाही."

आजोबांनी यंत्र काढून त्याच्या हातात दिलं. संशोधक माणूस होते ते. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायला आपण निघालो होतो, याची त्यांना लाज वाटली. तिथून दोघं थेट श्रवणतज्ज्ञ डॉ. नसरीन यांच्याकडे गेले.

डॉ. नसरीन यांनी आधी कानात मळ साचला आहे का ते पाहिलं. मग आजोबांना शांत खोलीत बसवून वेगवेगळे सूर ऐकवले, अगदी जाड सुरापासून बारीक शिट्टीपर्यंत. त्यावरून पडद्यावर श्रवणालेख (कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो ते दाखवणारी रेघ) उमटला. रेघ डावीकडे, जाड सुरांपाशी, वर होती आणि उजवीकडे, बारीक सुरांपाशी, एकदम खाली उतरली होती; रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं.

त्यांनी शाल्मलीला समजावून सांगितलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. ट्रकची थरथर संथ असते, म्हणजे तिची वारंवारता (एका सेकंदात होणाऱ्या थरथरींची संख्या) कमी असते. आजोबांचे कान ती चांगली पकडतात. पण स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांचा आवाज हलका असतो आणि त्याची वारंवारता जास्त असते. कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केस असलेल्या पेशी असतात. वय आणि सुरुंगांचे आवाज यांमुळे आजोबांच्या नेमक्या बारीक सुरांच्या पेशी निकामी झाल्या होत्या. त्यांना आवाज ऐकू येई, शब्द मात्र अर्धे येत. दुकानातलं यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवत होतं. त्यामुळे जे आधीच ऐकू येत होतं ते कर्कश झालं, आणि हरवलेलं तर हरवलेलंच राहिलं.

"आणि अर्धा शब्द आला, की मेंदू उरलेला भाग स्वतःच भरतो," डॉक्टर म्हणाल्या. "बघा हं." त्यांनी तोंडासमोर कागद धरला आणि एक शब्द उच्चारला.

"पाठवायचं," आजोबा म्हणाले.

"मी 'साठवायचं' म्हणाले."

 आजोबांनी शाल्मलीकडे पाहून हळूच विचारलं, "त्या दिवशी तुझी आई माझ्याबद्दल काय म्हणत होती? मला पाठवायचं आहे, असंच ना?"

शाल्मलीला तो दिवस आठवला. ती तिथेच होती. आई म्हणाली होती, की आजोबांचं खाणीतलं सगळं मोजमाप संगणकात नीट साठवायचं आहे, ते हरवायला नको. आजोबांना वाटलं होतं, की आपल्याला वृद्धाश्रमात पाठवायचं ठरतंय. मेंदूने रिकामी जागा त्यांच्या मनातल्या भीतीनेच भरली होती. शाल्मलीने खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग निवड सुरू झाली. कानाच्या आत बसणारं इवलंसं यंत्र शाल्मलीला आवडलं, पण आजोबांची बोटं आखडलेली, त्यांना ते धरता येईना. म्हणून कानामागे बसणारं, डबीत ठेवून चार्ज होणारं निवडलं. तेही दोन्ही कानांसाठी, कारण आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांची तुलना करून ओळखतो. डॉक्टरांनी श्रवणालेख पाहून फक्त बारीक सूर वाढवले आणि सांगितलं, की आधी घरी, बाजारात, गोंगाटात वापरून बघा, मग विकत घ्या.

पहिले काही दिवस आजोबा यंत्रावरच संशय घेत होते. पेपराची सळसळ, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा आवाज, हे सगळं त्यांना खोटं वाटे. डॉक्टरांनी दोनदा सूर कमीजास्त केले. हळूहळू मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे झाले. आजोबा सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागले आणि आईला मधेमधे प्रश्नही विचारू लागले.

एकदा दोघं बसस्थानकावर उभे होते. बाकावर एक म्हातारी बाई आपल्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला हसून मान हलवत होती. मुलगा चिडून आवाज चढवत होता. तसे तिचे डोळे अधिकच संशयाने त्याच्याकडे वळत होते.

आजोबा तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. आपलं तोंड तिला नीट दिसेल असं धरून ते सावकाश म्हणाले, "ताई, तो तुम्हाला पाण्याची बाटली हवी का, एवढंच विचारतोय."

बाईने मुलाकडे पाहिलं. मग मान न हलवता तिने तोंडाने उत्तर दिलं, "हो, दे बाबा."